अनुबिस, मगरी आणि साप: इजिप्तच्या पाताळात एवढे प्राणी का?

प्रश्न असा आलाय की प्राचीन इजिप्शियन लोक खरंच प्राण्यांची पूजा करायचे का, त्यांच्या मृतांच्या जगात एवढे कोल्हे, साप, मगरी कशाला, अनुबिस म्हणजे त्यांचा यम का, आणि लक्सरला (जिथे राजांची थडगी आहेत) जाणार असलो तर हे सगळं नेमकं कुठे बघायचं. मी बरीच वर्षं मराठी ग्रुप घेऊन इजिप्तला जाते, आणि हे प्रश्न जवळजवळ प्रत्येक ट्रिपला येतात. बसमध्ये दोन वाक्यांत उत्तर देऊन ना विचारणाऱ्याचं समाधान होतं ना माझं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

सुरुवात अनुबिसपासून. तो यम नाही, निदान ज्या काळातली चित्रं आपण सगळीकडे बघतो त्या काळात तरी नाही. यम म्हणजे मेलेल्यांचा राजा आणि न्याय करणारा, तर त्या गादीवर इजिप्तमध्ये ओसायरिस बसलेला असतो, ममीसारखा गुंडाळलेला, हिरव्या किंवा काळ्या तोंडाचा. पापपुण्याची नोंद ठेवायचं चित्रगुप्ताचं काम थॉथ करतो. अनुबिसकडे प्रत्यक्ष हाताची कामं आहेत: तो मृतदेहाची ममी बनवतो, मेलेल्या माणसाचा हात धरून त्याला न्यायाच्या दालनात आणतो, आणि तराजूचा काटा नीट आहे ना हे खाली वाकून तपासतो. पण अजून मागे गेलात, पिरॅमिड बांधणाऱ्या चौथ्या राजवंशापर्यंत, म्हणजे साधारण इ.स.पू. २५०० च्या पलीकडे, तर थडग्यांवरच्या प्रार्थनांमध्ये ओसायरिस कुठेच नाही, तिथे मागणं मागितलंय ते अनुबिसकडे. ओसायरिसचं नाव पाचव्या राजवंशात दिसायला लागतं आणि मग तो मोठा होत होत राजा बनतो, अनुबिस त्याच्या हाताखाली जातो. तेव्हा यमाशी तुलना करायचीच असेल तर त्या जुन्या अनुबिसशी करा, तिथे ती बऱ्यापैकी बसते.

आता कोल्हाच का? हे समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे थोडी थांबते. इजिप्तमध्ये जमीन दोनच प्रकारची, नदीकाठची काळी गाळाची आणि तिला लागून एकदम सुरू होणारं लाल वाळवंट, हे लागून म्हणजे इतकं लागून की एक पाय शेतात आणि एक पाय वाळूत ठेवून उभं राहता येतं. शेतजमीन प्रेतं पुरण्यात कोण घालवणार, त्यामुळे पुरायचं ते वाळवंटाच्या कडेला. सगळ्यात जुनी थडगी म्हणजे वाळूतले उथळ खड्डे. आणि त्या कडेला रात्री फिरतो कोण तर कोल्हा (जनुकीय अभ्यासातून आता कळलंय की हा प्राणी खरं तर लांडग्याच्या जास्त जवळचा आहे), तो वास काढत येतो आणि उकरतो. जो प्रेत उकरून काढतो त्यालाच त्यांनी प्रेताचा राखणदार केला. गावाला ज्या चोराचा त्रास त्यालाच रखवालदार नेमावा तसं. बहुतेक अभ्यासक अनुबिसचा उगम असाच सांगतात, आणि लक्सरच्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी एकदा उभं राहिलं की मला तरी त्यात काही शंका राहत नाही.

त्याचा रंगही बघा. खरा प्राणी मातकट, सोनेरी असतो. अनुबिस मात्र काळाकुळकुळीत. काळा म्हणजे ममीवर ओतलेल्या राळेचा रंग, आणि काळा म्हणजे पुरानंतर उरलेल्या गाळाचाही रंग, ज्यातून पीक उगवतं. तुतानखामुन या राजाच्या थडग्यात खजिन्याच्या खोलीच्या तोंडाशी जो लाकडी अनुबिस बसलेला सापडला तो असाच काळा आहे, कानाच्या आत आणि गळ्याशी सोनं, अंगावर तागाचं कापड पांघरलेलं. आणि थडग्याचा दरवाजा बंद करताना जे शिक्के मारले होते त्यांच्यावर काय, तर नऊ बांधलेल्या कैद्यांच्या वर बसलेला कोल्हा. आत पण तोच, दारावर पण तोच.

हीच रीत, म्हणजे ज्याची भीती त्यालाच राखणीला बसवायचं, तुम्हाला त्यांच्या पाताळात सगळीकडे दिसेल. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथले प्राणी कल्पनेतून आलेले राक्षस नाहीत, ती बहुतेक सगळी नाईलच्या काठावरची रोजची जनावरं आहेत, त्यांच्या खऱ्या सवयींसकट, आणि प्रत्येकाला त्याच्या सवयीप्रमाणे काम दिलेलं आहे.

पाताळाला ते दुआत म्हणायचे. सूर्यदेव रा संध्याकाळी पश्चिमेच्या डोंगरात शिरतो आणि रात्रीचे बारा तास होडीतून दुआत पार करून सकाळी पूर्वेला निघतो, मेलेला राजा (आणि पुढे पुढे साधा माणूससुद्धा) त्याच प्रवासात सामील होतो. या प्रवासाचा तासातासाचा हिशोब ‘अमदुआत’ नावाच्या ग्रंथात आहे, आणि तो जवळजवळ पूर्ण स्वरूपात थुतमोस तिसरा या राजाच्या थडग्यात भिंतीवर लिहिलाय, इ.स.पू. पंधराव्या शतकातलं काम. त्या प्रवासात रा स्वतः मेंढ्याच्या डोक्याचा असतो, रात्रीचा थकलेला, म्हातारा सूर्य. चौथ्या तासाला पाणी संपतं आणि होडी वाळूवरून ओढत न्यावी लागते, सहाव्या तासाला सगळ्यात खोल जागी त्याची ओसायरिसच्या देहाशी गाठ पडते. आणि सातव्या तासाला वाटेत आडवा पडलेला असतो आपेप, अवाढव्य साप, जो नदीचं पाणीच गिळून टाकतो म्हणजे होडी रुतावी.

इथे मजा बघा. सूर्याचा सगळ्यात मोठा शत्रू साप, आणि त्याच वेळी सूर्याभोवती वेटोळं घालून त्याला वाचवणारा मेहेन, तोही साप. ‘बुक ऑफ गेट्स’ नावाच्या दुसऱ्या ग्रंथात दुआतला जे दरवाजे आहेत त्या प्रत्येक दरवाजावर सापच पहारेकरी. आणि अमदुआतच्या शेवटच्या, बाराव्या तासाला रा आणि त्याच्यासोबतचे सगळे एका प्रचंड सापाच्या शेपटीतून आत शिरतात आणि तोंडातून बाहेर पडतात, आत जाताना म्हातारे, बाहेर येताना तरुण. कात टाकून नवा होणारा प्राणी त्यांनी रोज शेतात पाहिलेला होता, मेल्यावर नवं व्हायचं तर वाट सापातूनच जाणार.

आपेपला मात्र कधी देऊळ मिळालं नाही, नैवेद्य नाही, काही नाही. उलट त्याला हरवायचे विधी होते, मेणाचा साप करायचा, त्याच्यावर थुंकायचं, डाव्या पायाने तुडवायचा, जाळायचा, ब्रिटिश म्युझियममध्ये ब्रेमनर-ऱ्हिंड नावाचा एक पपायरस (लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी) आहे त्यात हे सगळं तपशीलवार दिलंय. आणि होडीच्या नाळेवर उभा राहून आपेपला भाला कोण मारतो, तर सेथ. तोच सेथ ज्याने स्वतःच्या भावाला, ओसायरिसला, मारलं. सगळ्यात हिंसक, भरवसा नसलेला देव, पण सूर्याला वाचवायची ताकद त्याच्याच अंगात, मग त्यालाच पुढे उभं केलं. (सेथचा प्राणी कुठला हे आजवर ठरलेलं नाही, वाकडं नाक, चौकोनी टोकांचे ताठ कान, कुठल्याच खऱ्या प्राण्याशी नीट जुळत नाही. बाकी सगळे प्राणी ओळखू येतात, हाच एक येत नाही, आणि गोंधळाच्या देवासाठी ते मला फार योग्य वाटतं.)

आपेपला मारणारा आणखी एक आहे, मांजर. इशेद नावाच्या पवित्र झाडाखाली बसलेलं मोठं मांजर हातात सुरा घेऊन सापाचे तुकडे करतंय असं चित्र, ते मांजर म्हणजे स्वतः सूर्यदेव. घराघरात धान्याच्या कोठाराजवळ साप मारणारं मांजर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

आता न्यायाचं दालन, जे सगळ्यांना माहीत असतं, एका पारड्यात मेलेल्याचं हृदय आणि दुसऱ्यात माअतचं पीस. माअत म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं मिळून. याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र आनी नावाच्या माणसासोबत पुरलेल्या पपायरसमध्ये आहे, साधारण इ.स.पू. १२५०, लांबी जवळजवळ २४ मीटर, १८८८ मध्ये वॉलिस बज याने ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवला आणि मग त्याचे ३७ तुकडे केले, हे आठवलं की आजही वाईट वाटतं. मेलेल्याने ४२ देवांसमोर एकेक करून सांगायचं की मी हे केलं नाही, ते केलं नाही, खून नाही, चोरी नाही, मापात पाप नाही, आणि त्याच ओघात हेही, की वाहत्या पाण्याला बांध घातला नाही, गुरांना त्यांच्या चाऱ्यावरून हाकललं नाही. शेतकऱ्यांच्या देशाची पापांची यादी आहे ती.

तराजूच्या माथ्यावर बबून माकड बसलेलं असतं, ते थॉथचंच रूप, आणि बाजूला लिहायला उभा असलेला शराटीच्या डोक्याचा तोही थॉथच. आपल्याकडे तळ्याकाठी काळ्या डोक्याचा पांढरा शराटी दिसतो ना, इजिप्तचा शराटी जवळजवळ तसाच, चिखलात लांब वाकडी चोच खुपसून नेमकं शोधून काढणारा. एकाच चित्रात एकच देव दोन प्राण्यांच्या रूपात आहे, यावरून एक गोष्ट लक्षात घ्या: त्यांना देव खरोखर पक्ष्याच्या तोंडाचा आहे असं वाटत नव्हतं. हाथोर देवी कधी गाय, कधी गाईच्या कानांची बाई, कधी नागीण, कधी सिंहीण. डोकं हे देवाच्या स्वभावाची खूण आहे, चित्रातला देव ओळखता यावा आणि तो या वेळी कुठल्या भूमिकेत आहे ते कळावं म्हणून.

तराजूच्या मागे टपून बसलेली अम्मित. तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं, म्हणजे त्या देशात माणसाला मारणारी तीन मोठी जनावरं एकत्र. हृदय जड निघालं तर ती ते खाते आणि मग माणूस कायमचा संपला, ना स्वर्ग ना नरक, नुसतं नसणं. पण अम्मित हृदय खातेय असं चित्र मी मेलेल्यांच्या पपायरसवर कधी पाहिलेलं नाही, कारण जे काढलं ते घडतं अशी त्यांची श्रद्धा, मग स्वतःच्या पपायरसवर कोण असलं चित्र काढून घेईल? आणि हृदयाने ऐनवेळी आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर भुंग्याच्या आकाराचा दगडी ताईत ठेवायचे, त्याच्या पोटावर हृदयालाच विनवणी कोरलेली, माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस म्हणून. भुंगा म्हणजे शेणाचा गोळा ढकलत नेणारा तो, आणि त्या गोळ्यातून पिल्लं बाहेर येतात, सकाळचा नवा सूर्य खेप्री याच्याच रूपात. हे मंत्र मला सगळ्यात जवळचे वाटतात, कारण तिथे धर्माचा रुबाब गळून पडतो आणि घाबरलेला साधा माणूस दिसतो.

मगरीचं तर याहून स्पष्ट आहे. ‘बुक ऑफ द डेड’मध्ये, म्हणजे मेलेल्यासोबत ठेवायच्या मंत्रांच्या संग्रहात, ३१ आणि ३२ नंबरचे मंत्र मगरींना हाकलण्यासाठी आहेत, आणि ८८ नंबरचा मंत्र स्वतः मगर बनण्यासाठी! ८७ नंबरचा साप बनण्यासाठी. एकाच पुस्तकात. आधी तिला घाबरायचं, मग तिची ताकद आपल्या अंगी घ्यायची.

देर एल-मदिना हे गाव, जिथे राजांची थडगी खोदणारे कारागीर राहायचे, तिथे हीच भावना देवीच्या भक्तीत दिसते. गावाच्या डोक्यावर पिरॅमिडसारखा दिसणारा डोंगर आहे, एल-कुर्न, त्याची देवी मेरेतसेगर, रूप नागिणीचं. दगड फोडणाऱ्या माणसाला नाग कुठेही भेटणार. नेफेराबू नावाच्या एका कारागिराने कोरून ठेवलेला दगड आज तुरिनच्या म्युझियममध्ये आहे, त्यात तो सांगतो की मी चुकलो, तिने मला शिक्षा केली, मी तळमळलो, मग तिला शरण गेलो आणि तिने दया केली. आपल्याकडच्या माणसांना मी हा मजकूर वाचून दाखवते तेव्हा कुणाला काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता मूळ प्रश्नाचा पहिला भाग, प्राण्यांची पूजा करायचे का. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात म्हणून जरा नीट वाचा. एक प्रकार म्हणजे एकच निवडलेला प्राणी, उदाहरणार्थ मेम्फिस या जुन्या राजधानीतला एपिस बैल. अंगावरच्या ठराविक खुणा बघून तो शोधायचा, एका वेळी एकच, प्ताह देवाचं जिवंत रूप म्हणून त्याला पाळायचं, आणि मेला की राजासारखा पुरायचा, मेल्यावर तोही ओसायरिस होतो. कैरोजवळच्या सक्कारामध्ये या बैलांची भुयारं ऑगस्त मारिएतला १८५१ च्या सुमारास सापडली, आत साठ-सत्तर टनांच्या दगडी पेट्या आहेत. हे जुनं आहे आणि देवळाच्या पातळीवरचं आहे. सगळे बैल पूज्य नव्हते, लोक बैलाचं मांस खातच होते.

दुसरा प्रकार खूप उशिराचा, मुख्यतः इ.स.पू. सातव्या शतकानंतरचा, नवसाला वाहिलेल्या ममी. यात्रेला आलेला माणूस देवाला त्याच्या प्राण्याची ममी वाहायचा, बास्तेतला मांजर, थॉथला शराटी, अनुबिसला कुत्रा. सक्काराच्या अनुबिस भुयारात सुमारे ८० लाख प्राणी पुरले असावेत असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक कुत्रे, आणि पुष्कळशी काही तासांची किंवा दिवसांची पिल्लं. म्हणजे पैदास करायची ती ममी करण्यासाठीच. मँचेस्टरच्या संशोधकांनी आठशेहून जास्त प्राण्यांच्या ममी स्कॅन केल्या तर साधारण एक तृतीयांश गाठोड्यांत प्राणी नव्हताच, माती, काड्या, पिसं, अंड्याची टरफलं. लोक लगेच फसवणूक म्हणतात. काही ठिकाणी ती होतीच, सक्काराला इ.स.पू. दुसऱ्या शतकात होर नावाच्या माणसाच्या कागदांमध्ये शराट्यांच्या व्यवस्थेतल्या गैरप्रकारांची तक्रार आणि एका भांड्यात एकच देव (म्हणजे एकच शराटी) ठेवा असा नियम सापडतो. पण पवित्र प्राण्याच्या घरट्यातली काडीसुद्धा पवित्र असं मानणारे लोकही असणार, आणि मला हे जास्त पटतं, कारण आतल्या काड्यांवरसुद्धा कापड तितक्याच निगुतीने गुंडाळलेलं असतं.

पिल्लांचं मात्र मला आजही पचत नाही, आणि ते मी ग्रुपसमोर लपवत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राखणदार कोल्ह्याचं हे पुढे जाऊन काय झालं हे बघणं जड जातं. त्यानंतरचं तर आणखी वाईट: १८९० मध्ये मांजरांच्या ममींचा सुमारे साडेएकोणीस टन माल जहाजाने लिव्हरपूलला गेला, अंदाजे १,८०,००० मांजरं, आणि ती शेतात खत म्हणून विकली गेली.

ग्रीक-रोमन लेखकांनी या उशिराच्या काळातला इजिप्त पाहिला आणि हे लोक जनावरं पूजतात अशी टवाळी केली, तीच पुढे युरोपभर चालली आणि तिथून आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत आली. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘इजिप्तमध्ये मांजराची पूजा’ म्हणालं की विचारा, कुठल्या शतकात?

आता लक्सर. तुतानखामुनच्या थडग्यात गर्दी असते आणि वेगळं तिकीट आहे, पण आत गेलात तर पश्चिमेच्या भिंतीवरचे बारा बबून नीट बघा, तो अमदुआतचा पहिला तास आहे. बबून पहाटे सूर्य उगवताना ओरडतात म्हणून ते सूर्याचे स्वागत करणारे, आणि हे प्राणी इजिप्तचे नव्हतेच, लाल समुद्राच्या दक्षिणेकडून आणलेले. थुतमोस तिसऱ्याचं थडगं उघडं असेल तर तेच आधी करा, कड्यातल्या फटीत आहे, आधी वर चढायचं आणि मग आत खोल उतरायचं, हवा कोंदट असते, गुडघे दुखणाऱ्यांनी आणि दम लागणाऱ्यांनी नाही गेलं तरी चालेल. मधल्या खोलीत दुआतच्या ७४१ देवतांची यादी चित्रांसकट आहे, आणि आतल्या खोलीत काड्यांसारख्या आकृत्यांनी बारा तास काढलेत, पपायरस उलगडून भिंतीला लावल्यासारखे. सहाव्या रामसेसच्या थडग्यात रंग आणि साप दोन्ही भरपूर, आणि तिथे चढउतार कमी.

देर एल-मदिना बहुतेक टूरमध्ये नसतं, तुम्ही मागून घ्या. सेन्नेजेमच्या थडग्यात ममीवर वाकलेला अनुबिस आहे, इन्हेरखाऊच्या थडग्यात सापाला कापणारं मांजर, दोन्ही छोट्या खोल्या, रंग कालच लावल्यासारखे. बाहेर आलात की वर बघा, मेरेतसेगरचा डोंगर समोरच असतो. नाईल क्रूझ घेतली असेल तर कोम ओम्बोला सोबेक या मगरीच्या रूपातल्या देवाच्या देवळाशेजारी मगरींच्या ममींचं छोटं म्युझियम आहे, गाइड लोक वेळ नाही म्हणून टाळतात, वीस मिनिटं पुरतात, हट्टाने जा. कैरोत एक दिवस हाताशी असेल तर गिझा झाल्यावर सक्कारा आणि तिथलं एपिसचं भुयार जोडून घ्या, आणि टॉर्च जवळ ठेवा. थडग्यांमध्ये फ्लॅश अजिबात नको, आणि भिंतीला हात तर कुणीच लावू नका, लहान मुलांना आधीच सांगून ठेवा.